जिवंत पाणी

आर्टेशियन विहीर पाहायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा विहीर कुठे आहे हेच मला कळेना. डोळे कठडा शोधत होते. मी माण तालुक्यातली. विहीर म्हणजे वाकून पाहिलं की पोटात गोळा येतो ती, हेच माझ्या डोक्यात पक्कं. काळ्या पाषाणात चाळीस-पन्नास फूट उतरलेली, कपारींत पारव्यांची घरटी, तळाच्या हिरवट पाण्यात एक कासव. इथे टेक्सास स्टेट विद्यापीठाच्या आवारात, जलजीवशास्त्राच्या इमारतीलगत जमिनीतून एक पाइप वर आला होता आणि त्यातून पाणी वाहत होतं. मोटर नव्हती, स्टार्टर नव्हता. पाणी आपल्या आपण वर येत होतं, आणि मी तिथं उभी राहून नुसती बघत होते. आमच्याकडे उन्हाळ्यात अर्ध्या तासाच्या उपशानंतर मोटर हवा ओढायला लागते.

सॅन मार्कोस हे ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो यांच्या मधलं गाव. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मी तिथं पदव्युत्तर शिक्षणासाठी पोचले. विषय घेतला होता भूजलातल्या जीवांचा. कोल्हापुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना एका पाठ्यपुस्तकात दोन ओळी वाचल्या होत्या, की जमिनीखालच्या पाण्यात आंधळे, रंगहीन प्राणी राहतात. त्या दोन ओळी माझ्या मनातून गेल्या नाहीत. आमच्या तालुक्यात पाण्यावरून जेवढं बोललं जातं तेवढं दुसऱ्या कशावरूनच नाही. किती फुटांवर लागलं, किती इंच आहे, गोडं की मचूळ, सगळं बोलून होतं. पण त्या पाण्यात कोण राहतं, असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

ही विहीर १८९५ साली खोदली. अमेरिकेच्या मत्स्य आयोगाला सॅन मार्कोसमध्ये माशांच्या पैदाशीचं केंद्र चालवायचं होतं आणि त्यासाठी स्वच्छ पाणी हवं होतं. साधारण साठ मीटरवर चुनखडीतलं पाणी लागलं, ते दाबानं उसळून वर आलं आणि त्याबरोबर पांढरे, चार पायांचे, डोळे नसलेले प्राणी बाहेर पडू लागले. त्यांतले काही नमुने वॉशिंग्टनला गेले आणि १८९६ साली प्राणिशास्त्रज्ञ लिओनहार्ड स्टेनेगर यांनी त्या प्राण्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज त्याचं शास्त्रीय नाव युरिसिया रॅथबुनाय, लोकांच्या तोंडी टेक्सासचा आंधळा सॅलॅमँडर. सॅलॅमँडर म्हणजे दिसायला पालीसारखा, पण बेडकाच्या गणगोतातला उभयचर. त्याच वर्षी जेम्स बेनेडिक्ट यांनी त्याच विहिरीतल्या तीन कवचधारी जीवांना नावं दिली, त्यात एक आंधळी कोळंबीही होती. पाणी हवं म्हणून भोक पाडलं आणि एक अख्खी वस्ती सापडली. ही हकीकत मी त्या दोन वर्षांत किती जणांना सांगितली असेल, गणती नाही.

पाणी आपण होऊन वर का येतं, हे मला घरी अण्णांना फोनवर समजावून सांगावं लागलं, आणि सांगता सांगता मलाही नीट समजलं. उत्तर-पश्चिमेला डोंगराळ भाग आहे. तिथे एडवर्ड्स चुनखडी उघडी पडलेली आहे, भेगाळलेली, छिद्रांची, विवरांची. ओढ्यांचं वाहतं पाणी तिथं तळातल्या भेगांतून चक्क गायब होतं. मग हा थर बॅल्कोनीस नावाच्या प्रस्तरभंगांच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या जागांच्या, पट्ट्यात पायऱ्यापायऱ्यांनी खाली जातो आणि त्याच्यावर चिकणमातीसारखे पाणी न सोडणारे खडक येतात. वरचं पाणी रेटा देतं, खालच्याला वर यायला वाट नसते. जिथे प्रस्तरभंगानं वाट करून दिली तिथे झरे फुटतात, माणसानं भोक पाडलं की विहीर वाहू लागते.

"म्हणजे टाकी माळ्यावर आणि नळ खाली," अण्णा म्हणाले.

"हो, तसंच. फक्त टाकी चुनखडीची आणि शेकडो किलोमीटर लांब."

"आपल्या मांजऱ्यात नाही व्हायचं तसं."

नाही व्हायचं. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी मुरमात, मांजऱ्याच्या, म्हणजे छिद्रांच्या खडकाच्या, पोकळ्यांत आणि भेगांत कप्प्याकप्प्यांनी असतं. शेजाऱ्याला लागलं म्हणून आपल्याला लागेल याची खात्री नसते. म्हणून तर पाणाड्या बोलवावा लागतो.

कामाची पद्धत ऐकायला सोपी. पाइपच्या तोंडाला बारीक नायलॉनची लांबुळकी जाळी बांधायची, तिच्या शेपटाला बाटली. पाणी जाळीतून निघून जातं, त्यातलं सगळं बाटलीत साठतं. ठरावीक तासांनी जाळी सोडायची, आतून-बाहेरून धुवायची, बाटली प्रयोगशाळेत न्यायची. धुवायला नळाचं पाणी चालत नाही, त्यात क्लोरीन असतं आणि आत सापडलेले जीव जिवंत असतात. म्हणून विहिरीचंच पाणी आधी बारीक जाळीतून गाळून डब्यात भरून ठेवायचं. वहीत तारीख, वेळ, प्रवाह, तापमान. तापमानाचा रकाना मी दोन वर्षं भरला आणि तो जवळजवळ एकच आकडा होता, २२ अंशांच्या आसपास. ऑगस्टमध्ये बाहेर चाळीसच्या वर असताना हात घातला की ते पाणी गार लागे. जानेवारीत पहाटे गवतावर हिव पडलेलं असताना तेच पाणी कोमट लागे आणि त्यावर वाफ दिसे. आज्जीला हे सांगितल्यावर तिला काहीच नवल वाटलं नाही. "आगं, झऱ्याचं पाणी तसंच आसतं. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. त्ये जिवंत पाणी हाय."

जिवंत पाणी, जिवंत झरा, हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. पावसाचं साठून राहिलेलं ते वरवरचं, आणि खडकातून सतत पाझरणारं ते जिवंत. मी त्या बाटलीकडे बघत होते आणि आज्जीचा शब्द कानात होता.

पहिली बाटली मी सूक्ष्मदर्शकाखाली ओतली तेव्हा मात्र मला काही दिसलं नाही. चुनखडीचे पापुद्रे, काळे लोखंडी कण, गोगलगायींचे रिकामे शंख. प्रयोगशाळेत एक वयस्क तंत्रज्ञ होत्या. त्या माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "बशी हलवू नकोस. पाच मिनिटं नुसती बघत राहा." मी बघत राहिले. तिसऱ्या मिनिटाला एक कण सरकला. मग कळलं की ज्याला मी खडकाचा तुकडा समजत होते ती जिवंत गोगलगाय आहे, जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. काचेसारखं काहीतरी कुशीवर पोहत गेलं, तो अँफिपॉड होता, कोळंबीसारखा एक छोटा कवचधारी. त्याच्या अंगातून बशीच्या तळावरची रेघ दिसत होती. पोटातलं अन्न तेवढं करडं दिसत होतं. डोळ्यांच्या जागी काहीही नव्हतं, आणि मिशा मात्र अंगाएवढ्या लांब.

निवडण्याचं काम शिकायला मला चार महिने लागले. तांदूळ निवडतात तसंच ते आहे, फक्त इथं खडा टाकायचा नसून प्रत्येक खडा जिवंत आहे का ते पाहायचं असतं. बारीक चिमट्यानं धरलं तर पाय तुटतात, आणि अँफिपॉडची जात ओळखायची तर पायावरचेच काटे मोजावे लागतात. म्हणून तोंड मोठं कापलेल्या ड्रॉपरनं पाण्यासकट उचलायचं. माझ्या सुरुवातीच्या नमुन्यांतले निम्मे पाय गळालेले होते. जॉन होल्सिंगर आणि ग्लेन लाँगली यांनी १९८० मध्ये या एकाच विहिरीतल्या अँफिपॉडांवर संबंध ग्रंथिका लिहिली. तिच्यातली चित्रं समोर ठेवून मी बसत असे. एका पायाचा काटा दुसऱ्या जातीत किती अंशांनी कलतो, ते त्यांनी हातानं काढून ठेवलं आहे. आकार मिलिमीटरचा, आणि एकेका जबड्याला अर्धं पान. हे काम करताना त्यांना किती रात्री लागल्या असतील, हे चिमटा हातात धरल्यावरच कळतं. लाँगली यांनीच १९८१ मध्ये प्रश्न विचारला होता, की एडवर्ड्स हा पृथ्वीवरचा सर्वांत जैववैविध्यपूर्ण भूजलसाठा असेल का. फक्त भूजलातच राहणाऱ्या चाळीसहून अधिक जाती तोवर इथे माहीत झाल्या होत्या. सॅन अँटोनियोच्या बाजूला तर तीनशे मीटरपेक्षा खोल विहिरींतून आंधळे मासे वर आले आहेत, दोन निरनिराळ्या प्रजातींचे. एकाला दात नाहीत. ते जिथं राहतात ती जागा कुणी पाहिलेली नाही.

सॅलॅमँडर जाळीत आला तो नोव्हेंबरात, एका सकाळी. जाळी सोडताना शेपटाशी काहीतरी जड लागलं. मला वाटलं पाला आला असेल, पण जमिनीखालून पाला कसला येतोय. बाटलीत तो होता. बोटभर लांब, दुधासारखा पांढरा. मानेच्या दोन्ही बाजूंना लालभडक कल्ल्यांचे तुरे, कारण कातडीत रंगच नाही आणि रक्त तसंच दिसतं. चपटं, चमच्यासारखं तोंड. पाय काडीसारखे. कातडीखाली दोन काळे ठिपके, कधीकाळी तिथे डोळे होते याची तेवढीच खूण. तो मोठा होऊनही कल्ले टाकत नाही, सगळा जन्म पाण्यातच काढतो. मी बाटली हलवली नाही तरी माझ्या बोटाच्या कापऱ्यानं पाणी हललं असावं, आणि त्यानं मान त्या बाजूला वळवली. आंधळा प्राणी माझ्याकडे वळला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही, हात ओले होते.

१९६७ पासून तो कायद्यानं संरक्षित आहे. त्याला हात लावायलाही परवाना लागतो. परवाना माझ्या नावावर नव्हता, म्हणून ठरल्याप्रमाणे फोन केला, बाटलीवर काळं कापड टाकलं, वहीत वेळ लिहिली आणि माणसं येईपर्यंत शेजारी बसून राहिले. अशा प्राण्यांची थोडी संख्या वेगळ्या टाक्यांत सांभाळून ठेवतात. झरे कधी आटलेच, तर जात तरी राहावी म्हणून. ही व्यवस्था ऐकून मला बरं वाटलं आणि त्याच वेळी पोटात कालवलं. झरे आटण्याची तयारी माणसांनी करून ठेवलेली होती.

आता माझा खरा प्रश्न. जमिनीखाली ऊन नाही, म्हणजे झाडं नाहीत, शेवाळं नाही. मग हे सगळे खातात काय? नेहमीचं उत्तर असं, की वरून पावसाबरोबर कुजका पाला, माती, वटवाघळांची विष्ठा झिरपते, तेच अन्न. बऱ्याच गुहांत ते खरंही आहे. पण एडवर्ड्सच्या दक्षिण-पूर्व कडेला एक सीमा आहे. तिच्या अलीकडे गोडं पाणी, पलीकडे त्याच चुनखडीत खारं, आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड. त्या सीमेवरच्या एका विहिरीवर आम्ही नमुने घ्यायला गेलो तेव्हा झाकण उघडताच सडक्या अंड्यांचा वास आला आणि मला एकदम दापोलीजवळचं उन्हवरे आठवलं, शाळेची सहल, गरम पाण्याचं कुंड, नाकाला रुमाल. गंधक. त्या गंधकाच्या संयुगांना ऑक्सिजनशी जोडून ऊर्जा मिळवणारे जिवाणू असतात. ते पाण्यातल्या कार्बनपासून स्वतःचं शरीर बनवतात, अंधारात, उन्हाच्या थेंबाशिवाय. प्रश्न असा, की विहिरीतले प्राणी या जिवाणूंवर जगतात की वरून आलेल्या पाल्यावर?

प्राण्याला विचारता येत नाही, पण त्याच्या शरीरातल्या कार्बनला येतं. कार्बनचे दोन स्थिर प्रकार असतात, हलका बारा आणि किंचित जड तेरा. झाडांच्या पाल्यात त्यांचं प्रमाण एक, आणि अंधारात जगणाऱ्या त्या जिवाणूंच्या शरीरात जड कार्बन आणखी कमी. जो जे खातो त्याचं प्रमाण त्याच्या मांसात उतरतं. बेंजामिन हचिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मार्गानं एडवर्ड्सच्या वेगवेगळ्या विहिरी आणि झरे तपासले आणि २०१६ मध्ये दाखवून दिलं, की खाऱ्या सीमेजवळच्या जीवांचं अन्न मोठ्या प्रमाणात या जिवाणूंपासून येतं, आणि जिथे हे अन्न आहे तिथे जीवांची विविधता आणि अन्नसाखळीही बळकट आहे. त्याआधी याच विहिरीतल्या अँफिपॉडांचे जबडे पाहून त्यांनी हेही मांडलं होतं, की कुणी खडकावरचा जिवाणूंचा थर खरवडून खातो, कुणी गाळ, कुणी शिकार. होल्सिंगर-लाँगलींची ती अर्ध्या पानाची जबड्यांची चित्रं मला तेव्हा नव्यानं दिसली. माझं काम या मोठ्या कामाला जोडलेला छोटा तुकडा होता. पाऊस झाल्यावर आणि दुष्काळात या अन्नात फरक पडतो का, ते पाहायचं.

यात मी एक मोठी चूक केली. अँफिपॉडच्या कवचात चुना असतो आणि चुन्यातला कार्बन हा खडकाचा, अन्नाचा नाही. तो काढून टाकल्याशिवाय मोजमाप खोटं ठरतं. त्यासाठी वाळवलेले, पूड केलेले नमुने काही मिलिमीटरच्या कुप्यांत तोलून घालतात आणि बंद भांड्यात आम्लाच्या वाफेवर ठेवतात. कुप्या दोन प्रकारच्या असतात, कथलाच्या आणि चांदीच्या. मी घाईत कथलाच्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी भांडं उघडलं तर आम्लानं कथील खाल्लेलं होतं. कुप्यांचा करडा भुगा झाला होता आणि त्यात पाच महिन्यांचे नमुने मिसळून गेले होते. एकेका नमुन्यासाठी आठ-आठ, दहा-दहा जीव लागले होते, कारण एकाचं वजन पुरत नाही. ते शेकडो जीव मी मारले होते, आणि ते कशाच्याही उपयोगी पडले नाहीत. नोंदवहीत तसं स्पष्ट लिहायला मार्गदर्शकांनी सांगितलं आणि मी लिहिलं. त्यानंतर आजतागायत मी नमुना मारण्याआधी पुढची प्रत्येक पायरी कागदावर लिहून काढते, आणि जितके लागतील त्याहून एकही जास्त घेत नाही.

पुन्हा नमुने गोळा करायला लागले तेव्हा दुष्काळ सुरू झाला होता. २०२२ आणि २०२३ चे दोन्ही उन्हाळे. माणदेशातल्या मुलीला दुष्काळ ओळखता येतो, तरी झऱ्याचा दुष्काळ मी पाहिला नव्हता. सॅन मार्कोसचे झरे सरासरी सेकंदाला पाच हजार लिटर पाणी देतात. दोनशेच्या आसपास तोंडं एका तळ्याच्या तळाशी आहेत. १८४९ मध्ये बांध घालून ते तळं झालं, एकेकाळी तिथं करमणुकीचं उद्यान होतं, आता विद्यापीठ त्याची राखण करतं. काचेच्या तळाच्या होडीतून पाहिलं की पांढरी वाळू उकळत्या भातासारखी उसळताना दिसते. इथले मूळ रहिवासी कोआविलतेकन लोक मानतात की त्यांचे पूर्वज याच झऱ्यातून पृथ्वीवर आले. मी त्या होडीत बसले तेव्हा हे मला अगदी पटण्यासारखं वाटलं. त्या वर्षी उसळी मंदावत गेली. तीसेक किलोमीटरवर न्यू ब्राउनफेल्सचे कोमल झरे आहेत, टेक्सासमधले सगळ्यात मोठे. तिथे आम्ही गेलो तेव्हा वरच्या बाजूचे काही उमाळे आटले होते आणि दगडांवर शेवाळ्याची वाळलेली साल होती. त्या दगडांखाली एक आंधळा भुंगेरा राहतो, पाण्यातला. दगड उचलून पाहायची मला हिंमत झाली नाही.

सगळ्यांच्या तोंडी १९५६ होतं. त्या वर्षी कोमल झरे १४४ दिवस पूर्ण बंद पडले होते. सॅन मार्कोसचे तेव्हा पाव हिश्श्यावर आले, पण थांबले नाहीत. दुष्काळ हे अर्धं कारण, उपसा हे दुसरं अर्धं. टेक्सासमध्ये १९०४ च्या एका निकालापासून नियम असा, की माझ्या जमिनीखालचं पाणी मी हवं तेवढं उपसू शकतो, शेजाऱ्याची विहीर आटली तरी. मी हे वाचलं तेव्हा थबकले. आपल्याकडेही १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून तेच तर चालत आलं आहे. दोन्हींचं मूळ इंग्लंडच्या कायद्यात. टेक्सासमध्ये त्याला लगाम बसला तो या झऱ्यांतल्या इवल्या, संरक्षित जीवांमुळे. १९९१ मध्ये पर्यावरणवाद्यांनी खटला भरला, की झरे आटू देणं म्हणजे संरक्षित प्राणी मारणं. १९९३ मध्ये न्यायाधीश ल्युशियस बंटन यांनी ते मान्य केलं आणि त्याच वर्षी विधिमंडळानं एडवर्ड्स भूजल प्राधिकरण स्थापन केलं. सॅन अँटोनियोतल्या एका निरीक्षण विहिरीची पातळी खाली गेली की आता उपशावर टप्प्याटप्प्यानं कपात लागते. वीस लाख माणसं या पाण्यावर आहेत, त्यांना ती सोसावी लागते. शेतकरी रागावतात, आणि त्यांचा राग मला समजतो. अण्णा त्यांच्या जागी असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं, की माझ्या डाळिंबापेक्षा गोगलगाय मोठी का? फोनवर त्यांनी ते म्हटलंही. मी म्हणाले, "अण्णा, गोगलगाय जगली म्हणजे झरा वाहतोय. झरा वाहतोय म्हणजे तुमच्या मोटरीला पाणी आहे." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपल्यात कोण सांगणार, झरा वाहतोय का?"

तो प्रश्न घेऊन मी २०२४ च्या मे महिन्यात घरी आले. माझा प्रबंध पूर्ण झाला होता.

आमच्या शिवारात बंद पडलेल्या बोअर किती आहेत, मी मोजायला निघाले आणि एकवीसवर थांबले. दोनशे, तीनशे, पाचशे फूट. काहींच्या तोंडात दगड, काहींवर फाटकं पोतं. चालू बोअरचा नमुना चांगला येत नाही, पाणबुडी पंपाच्या पंख्यात बारीक जीव फाटतात. बंद बोअर मात्र नमुन्यासाठी उत्तम. मी बरोबर आणलेल्या जाळीच्या कापडाची नळीएवढी पिशवी शिवली, तिच्या तोंडाला तारेचं कडं, खाली शिशाचं वजन आणि छोटी बाटली. दोरी नायलॉनची, दर मीटरला गाठ. तळापर्यंत सोडायची, हलक्या झटक्यानं चार-पाच वेळा वर-खाली करायची, म्हणजे गाळ ढवळतो, आणि सावकाश ओढून घ्यायची. अण्णा दोरी धरून उभे. गावातली पोरं भोवती. आज्जी खाटेवरून ओरडत होती, की बोअरीत मासं धरायला अमेरिकेला गेलती का ही.

वेड्यासारखं वाटेल, पण हे काही कुणी केलेलंच नाही असं नव्हे. केरळात कोट्टायमच्या विहिरीतून आंधळा मासा १९५० मध्येच नोंदवला गेला आहे. आंध्रात वाय. रंगा रेड्डी यांनी बोअरच्या पाण्यातून कितीतरी नवे सूक्ष्म कवचधारी शोधून काढले. आपल्या लोकांना सायक्लॉप्स, पाण्यातला एक सूक्ष्म कवचधारी, तर नारूच्या जंतामुळे चांगला ठाऊक आहे. त्याच्या पोटातून नारू माणसात यायचा म्हणून पाणी फडक्यानं गाळायला शिकवलं, आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. आज्जीच्या मांडीवर अजून त्याचा वण आहे. पाण्यात जीव असतो म्हटलं की तिच्या पिढीला आधी तोच आठवतो, आणि तिच्या जागी ते बरोबरच आहे. मी तिला बसून सांगितलं, की तो उघड्या बारवेतला, वरच्या उजेडातला. मी शोधतेय तो खालच्या अंधारातला, कुणाला इजा न करणारा.

पहिल्या सहा बोअरींत गंजाचा चिखल आला. सातवीत एक मेलेला बेडूक. ओढ्याकाठची अकरावी बोअर आठ वर्षांपूर्वी पाणी कमी म्हणून सोडून दिलेली. तिच्यातली बाटली मी घरी आणली, पांढऱ्या चिनीमातीच्या बशीत ओतली आणि शाळेकडून मागून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. अण्णा शेजारी बसले. मी म्हणाले, बशी हलवू नका, पाच मिनिटं नुसतं बघत राहा.

काळा मुरूम, गंजाचे पापुद्रे. मग एक ठिपका उडी मारल्यासारखा सरकला. पुन्हा सरकला. सायक्लॉप्सच्या घराण्यातला कोणीतरी, अर्ध्या मिलिमीटरचा. वरच्या पाण्यातल्या सायक्लॉप्सला कपाळावर एक लाल डोळा असतो, त्याच्यावरूनच त्याचं नाव पडलं आहे. मी भिंग वाढवलं, उजेड बदलून पाहिला, कपाळ दोन्ही बाजूंनी पाहिलं. लाल ठिपका नव्हता. अंग काचेसारखं.

एवढ्यावरून जात सांगता येत नाही. पाचव्या पायाचं चित्र काढावं लागेल, आणखी नमुने लागतील, जाणकारांना दाखवावं लागेल. मी तो एकच उचलला आणि बाकीचे दोन होते ते अण्णांच्या हातात दिले. संध्याकाळ व्हायच्या आत ते तांब्या घेऊन ओढ्याकाठी जाऊन आले, परतल्यावर बोअरीच्या तोंडावर एक फरशी बसवली आणि वर ओळखीसाठी चुन्याची फुली काढली.